बालाजी घाटावरच्या दोन खोल्या

दुर्गाघाट, वाराणसी
१२ नोव्हेंबर १९९५

ती. काका,

साष्टांग नमस्कार. फोन करणार होते, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि आलं तरी तुम्ही ऐकून घेत नाही. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून पत्र.

बातमी अशी, की तुमच्या पुतणीने ऑफिस थाटलंय. ब्रह्माघाटाकडे वळणाऱ्या गल्लीत, मिठाईच्या दुकानावर एक खोली. दोन टेबलं, एक ड्रॉइंग बोर्ड आणि खालून दिवसभर तुपाचा वास. पाटीवर लिहिलंय 'सावली, इमारत सल्लागार'. सल्लागार वाचून पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ मुलाची कुंडली घेऊन वर चढले. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग बघायची होतीस. निदान कोणी तरी आलं होतं."

ऑफिसात आम्ही दोघं. सुशांत माझ्याबरोबर कॉलेजात होता. आकडेमोड सुशांतची, नक्शे माझे. आम्ही घर बांधून देत नाही, कसं बांधावं ते सांगतो. भिंत किती जाड हवी, खिडकी कुठल्या अंगाला, ऊन कुठून शिरतं, वारा कुठून निघतो, जवळपास मिळेल ते सामान वापरून कमी सिमेंटात, कमी बिजलीत माणूस सुखाने कसा राहील, एवढंच. इथे मे महिन्यात बिजली किती वेळ टिकते ते तुम्ही नागपूरला जाऊन विसरला असाल.

आता मुद्द्यावर येते. बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत आपल्या नागपूरकर ट्रस्टची जागा मोकळी पडली आहे, तिथे काशीयात्रेला येणाऱ्या मराठी मंडळींसाठी यात्रीनिवास बांधायचाय. ट्रस्टमध्ये इंजिनिअर म्हणाल तर तुम्ही एकटे, आणि तुम्ही मान हलवलीत की बाकीचे सह्या करतात, हे बाबाच म्हणतात. त्याचा नक्शा मी केलाय. सोबत पाठवतेय. जाड भिंती, चुना आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, यांचं बांधकाम, मधे अंगण. मोहल्ल्यात पाडलेल्या घरांच्या छोट्या लाखौरी विटा गल्लीगल्लीत ढिगाने पडल्यात, कुणी विचारत नाही, त्याच वापरायच्या. गल्लीत ट्रक येत नाही, सिमेंटचं पोतं डोक्यावरून आणावं लागतं. विटा तर दाराशीच आहेत!

काका, हे काम मिळालं तर ऑफिस उभं राहील. एक इमारत लोकांना हात लावून बघता आली की मग माझ्या बडबडीची गरज नाही. नाही मिळालं तर उन्हाळ्यापर्यंत पाटी उतरवायची आणि दिल्लीला कुणाच्या तरी काचेच्या ऑफिसात दुसऱ्याच्या रेघा गिरवायच्या. मला ते करायचं नाही. नातं बाजूला ठेवून नक्शा बघा, पण बघा.

तुमची
मुक्ता


नागपूर
२८ नोव्हेंबर १९९५

चि. मुक्ता,

आशीर्वाद. नक्शा नव्हे, नकाशा. काशीत जन्मलीस म्हणून मराठीचं पिंडदान करायलाच हवं असं नाही.

चुना पानाला लावतात, हे बनारसवालीला मी सांगायला नको. माझी उभी हयात सरकारी बांधकाम खात्यात गेली. पूल बांधले, शाळा बांधल्या, दवाखाने बांधले, सगळं काँक्रीटमध्ये, आणि सगळं अजून उभं आहे. ट्रस्टमधली मंडळी वयस्क आहेत. त्यांना पक्कं काम हवंय, आणि पक्कं म्हणजे त्यांच्या लेखी वर स्लॅब, बाजूला कॉलम. पाडलेल्या घराच्या विटा वापरणार म्हटल्यावर अर्धे जण तिथेच उठतील. मेलेल्याच्या अंगावरचं वस्त्र आणलं असंच त्यांना वाटेल.

तरी नकाशा ठेवून घेतलाय. सवडीने, मोकळ्या मनाने पाहीन.

आणि हा सुशांत कोण? पत्रात बराच वावर आहे त्याचा. दादाला माहीत आहे ना सगळं?

काकू विचारते आहे, यात्रेकरू बायकांच्या स्वयंपाकापाण्याची काय सोय केली आहेस.

रत्नाकर


दुर्गाघाट
९ जानेवारी १९९६

ती. काका,

नमस्कार. आज साष्टांग नाही, आज मी रागावले आहे.

काल बाबांकडे ट्रस्टच्या चिटणिसांचं पाकीट आलं. जागेची मापं पुन्हा एकदा घेऊन कळवा म्हणून. सोबत यात्रीनिवासाचा नक्शा. माझा नव्हे. कॉलमचा, स्लॅबचा, आगपेटीसारख्या खोल्यांचा. कोपऱ्यात तुमची सही आणि दिवाळीच्या आधीची तारीख!

म्हणजे मी तुम्हाला लिहिलं तेव्हा तुमचा नक्शा ट्रस्टकडे आधीच गेला होता. आणि तरी तुम्ही लिहिलंत, मोकळ्या मनाने पाहीन. कसलं मोकळं मन काका? त्याच्यावर तर स्लॅब घालून झाला होता. तुम्ही सरळ नाही म्हणाला असतात तर मी रडले असते, भांडले असते आणि कामाला लागले असते. हे असं मागच्या दाराने का? मला खूप लागलंय, आणि ते मी लपवणार नाही.

बाबा म्हणतात, रत्नाकर तुझ्यापेक्षा मोठा आहे, सोडून दे. मी सोडणार नाही.

माझं म्हणणं ऐका. ट्रस्टला सांगा, सगळी इमारत एकदम नको. आधी दोन खोल्या बांधू. शेजारी शेजारी, एकाच मापाच्या, दोघींची तोंडं एकाच दिशेला. एक तुमच्या नक्शाप्रमाणे, एक माझ्या. वैशाखात नागपूरहून यात्रेकरूंची टोळी येते, तिला त्यात उतरवा. ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी माणसं कुठल्या खोलीत पडतात ते बघू. त्यांना काही सांगायचं नाही. मग तुम्ही ठरवा.

काकूंना सांगा, स्वयंपाकघर अंगणाच्या कडेला आहे, धूर कोंडणार नाही, ओटा आहे, मोरी आहे, सगळी सोय केली आहे.

मुक्ता


नागपूर
२२ जानेवारी १९९६

चि. मुक्ता,

आशीर्वाद, तुला नको असले तरी.

हो, दिला नकाशा. तू विचारायच्या आधी दिला, आणि तू विचारलंस तेव्हा सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. यापुढे तुझ्याशी आडपडदा ठेवणार नाही.

पण मत तेच आहे, आणि का ते आता स्पष्टच लिहितो. मी बांधलेल्या भिंतीला तडा गेला तर लोक ठेकेदाराच्या नावाने बोटं मोडतात. तुझ्या भिंतीला गेला तर चुन्याला कोणी बोलणार नाही, तुला बोलतील. पोरगी, त्यातून भिक्षुकाच्या घरातली, हिला कोणी सांगितला होता शहाणपणा, असं म्हणतील. आणि ते बोलणं तुझ्या पाठीमागे सगळ्या मोहल्ल्यात फिरेल. मला ते नको होतं. तुला हा पुळका वाटेल, वाटू दे.

दोन खोल्यांचं ट्रस्टला पटवलंय. सोपं गेलं नाही. अट अशी: पंखा दोन्हीकडे सारखा. ज्या खोलीत यात्रेकरू टिकतील तिच्या बाजूने मी उभा राहीन, मग ती कुणाचीही असो. तू हरलीस तर माझा नकाशा मुकाट्याने होऊ द्यायचा, गल्लीत उभं राहून तोंड वाकडं करायचं नाही. कबूल असेल तर कळव.

या वेळच्या पत्रात सुशांत एकदाही आला नाही. सगळं ठीक ना?

रत्नाकर


(पोस्टकार्ड)
३० जानेवारी १९९६

ती. काका, कबूल. मुक्ता.


दुर्गाघाट
३ एप्रिल १९९६

ती. काका,

साष्टांग नमस्कार. राग गेला. थोडा आहे, पण कामात त्याच्याकडे बघायला फुरसत नाही.

तुमची खोली कधीच झाली. ठेकेदाराने होळीच्या आतच स्लॅब टाकून, गुळगुळीत करून, रंग देऊन मोकळी केली. दिसते छान, मी खोटं बोलणार नाही. नवा जेवणाचा डबा असावा तशी. येणारा जाणारा तिच्यात डोकावतो आणि मग माझ्या खोलीकडे बघून विचारतो, "ई कब तक सूखी, बहिनी?" माझा चुना अजून ओला. आधी भिजत घाला, मग चुन्याच्या घाणीत, म्हणजे चक्कीत मळा, मग थर द्या, मग पाणी मारत बसा. सकाळी मीच पाणी मारते. गुढीपाडव्याला बाबांनी पुरणपोळी खायला बोलावलं तर जेवताना माझ्या हाताची सोलवटलेली कातडी बघत राहिले. उठताना म्हणाले, "हातमोजे मिळत नाहीत का बाजारात?"

पण आता ती वाळतेय. भिंती दीड हात जाड. छपराला चुन्याची गच्ची, खाली लाकडी तुळया, त्याही जुन्याच, तपासून घेतलेल्या. गल्लीच्या, म्हणजे पश्चिमेच्या भिंतीत उंचावर एक मोठा झरोका ठेवलाय. त्याला बाहेरून जाळी, म्हणजे माकडं आत येणार नाहीत, आणि आतून लाकडी झडप. दुपारी लू, म्हणजे गरम वारा, सुटली की झडप लावायची, संध्याकाळी उघडायची. अंगणाकडे खाली दुसरी खिडकी, तिथून हवा बाहेर. बस्स, एवढीच युक्ती. दुपारी डांबून ठेवलं की जाड भिंत ऊन आत येऊ देत नाही.

सुशांतचं विचारलं होतं तुम्ही. सुशांत दिल्लीला आहे, तिथलं एक काम निघालंय. इथलं मी बघते.

यात्रेकरूंच्या टोळीत कोण कोण आहे ते कळवा, म्हणजे त्याप्रमाणे चटया काढते.

तुमची
मुक्ता


बालाजी घाट, काशी
१४ मे १९९६

अहो,

नमस्कार. आम्ही सगळ्या सुखरूप पोचलो. गाडीत पाणी संपलं होतं, बाकी त्रास नाही. विश्वेश्वराचं दर्शन झालं, पंचगंगेला स्नान झालं. मी टोळीत आहे हे तुम्ही मुक्ताला आधी कळवलं नव्हतं वाटतं. मला बघून ती जिन्यातच बसली. "काकू, तुम्ही? हे काकांचं काम!" म्हणाली. मी म्हटलं, मी कोणाचं काम नाही, मी यात्रेला आले आहे.

आता तुमच्या त्या दोन खोल्यांचं. आम्ही बायका, अर्ध्या इकडे अर्ध्या तिकडे. मी मुक्ताच्या खोलीत. तुम्हाला खरं सांगते, पहिल्या दिवशी मला ती मुळीच आवडली नाही. चुन्याचा वास, अंधार, कोपरे धड सरळ नाहीत. तुमच्या खोलीत उजेड चांगला. सगळ्यांनी आधी तिकडेच गाठोडी टाकली, मग जागा पुरेना म्हणून काहीजणी नाक मुरडत इकडे आल्या.

आणि सगळ्यात मोठी गंमत ऐका. नदीवरून आले, सोवळ्याचं लुगडं धुऊन आणलं, वाळत घालायला बघते तर दांडी नाही! अख्ख्या खोलीत नाही, अंगणात नाही. गच्चीवर टाकावं तर माकडं टपून बसलेली, एकीचं पोलकं नेलंच त्यांनी. उद्या रांधायचं कशात? मी मुक्ताला हाक मारली. म्हटलं, अगं भिक्षुकाची लेक ना तू? तुझ्या आईने जन्मभर काठीने उंच दांडीवर लुगडी टाकली, तुझ्या डोळ्यांदेखत. आणि एवढा यात्रीनिवास काढलास, त्यात बाईने सोवळं वाळवायचं कुठे ते तुला सुचलं नाही? पोरीचं तोंड एवढंसं झालं. पुरुषांनी नकाशा काढला असता तर मी समजू शकले असते.

मग मीच बघितलं. तो वरचा मोठा झरोका आहे ना, त्याला बाहेरून जाळी. माकड येत नाही, कोणाचा हात पोचत नाही, वारा भरपूर. मी स्टुलावर चढले आणि झडपेच्या दोन्ही बिजागऱ्यांत काठी अडकवून लुगडं पसरून टाकलं. आडवं, सगळ्या झरोक्यावर. छान सोय झाली. दुसऱ्या बाईनेही आपलं शेजारी टाकलं.

दुपारी मुक्ता आली आणि वर बघून तिने जो आकांत केला! "काकू, झडप लागत नाही, लू आत येईल, सगळं वाटोळं होईल, काढा ते!" मी म्हटलं, सोवळं आहे, वाळल्याशिवाय निघणार नाही. ती स्टूल घेऊन धावली. मी म्हटलं, खबरदार, हात लावलास तर! आणि ती थांबली हो. नवीन शिकलेली असली तरी घरचं वळण गेलेलं नाही. खाली उभी राहून वर बघत डोळ्यांतून पाणी काढत होती, पण हात लावला नाही. मला वाईट वाटलं. पण उद्याचा स्वयंपाक होता.

तेवढ्यात वीज गेली. पंखे थांबले. तुमच्या खोलीतल्या बायका पाच मिनिटांत पदराने वारा घेत बाहेर आल्या, म्हणाल्या, तव्यावर बसल्यासारखं होतंय. छप्पर हाताला लागलं नाही तरी डोक्याला लागतंय. आणि आमच्या खोलीत काय झालं ते सांगते. लू सुटली, गल्लीतून फुफाटत आली, आणि त्या ओल्या लुगड्यांतून आत येताना थंडगार झाली. अक्षरशः माठाजवळ बसावं तसं. मी विरजण लावून ठेवलं होतं ते संध्याकाळपर्यंत आंबट झालं नाही. तिकडच्या सगळ्याजणी चटया घेऊन आल्या, बसायला जागा राहिली नाही. दुसऱ्या दिवशी तर आपणहून प्रत्येकीने आपलं लुगडं वर टाकायचा नंबर लावला, वाळलं की दुसरीचं. तुमच्या खोलीत आता फक्त गाठोडी आहेत.

मुक्ता भिंतीला टेकून उभी होती. मग एकदम हसायला लागली. म्हणाली, "खसची टट्टी! म्हणजे वाळ्याचा पडदा, काकू! इथल्या प्रत्येक जुन्या घरात दाराला ओली टट्टी लावतात आणि मी झडप लावायची म्हणून बसले!"

आता एक गोष्ट, तुम्ही तिला मी सांगितलं असं म्हणायचं नाही. तिच्या ऑफिसात गेले होते. ते दुसरं टेबल रिकामं आहे. सुशांत पौषातच गेला, दिल्लीच्या एका मोठ्या कंपनीत. कामापुरता नाही, कायमचा. हिलाही तिथे बोलावलंय, महिनाअखेर उत्तर द्यायचं आहे. भावजींना तिने अजून सांगितलेलं नाही. सकाळी पाणी मारणं, दुपारी नकाशे, संध्याकाळी टायपिंग, सगळं ही एकटी करते. तो मुलगा हिच्या मनात होता की नाही ते मला विचारवलं नाही. विचारलं तर उत्तर द्यावं लागेल तिला, आणि ती आत्ता फार धीराने उभी आहे.

तुमच्या गोळ्या डाव्या कप्प्यात आहेत. घेत जा.

शरदिनी


दुर्गाघाट
१६ मे १९९६

ती. काका,

साष्टांग नमस्कार. काकूंनी तुम्हाला लिहिलं असणारच. तरी मीही लिहिते, कारण त्या माझ्या बाजूने जरा जास्तच लिहितील, आणि ट्रस्टपुढे जाईल ते खरं जायला हवं.

माणसं माझ्या खोलीत बसली हे खरं. पण माझ्या नक्शाने ती जितकी थंड होणार होती त्याहून ती थंड झाली, आणि ते श्रेय काकूंच्या लुगड्याचं आहे. काल दुपारी मी मुद्दाम झरोक्यातलं सगळं काढायला लावलं, वाळलेलं होतं म्हणून काकूंनी काढू दिलं, आणि झडप लावून बसले. तुमच्या खोलीपेक्षा बरीच बरी होती, बाहेर आलं की फरक कळत होता. पण कोंदट. बायका कुरकुरल्या. ओलं कापड टाकल्यावर ती जी झाली ती वेगळीच गोष्ट. दोन्ही ट्रस्टला सांगा. एक सांगून एक लपवू नका, नाहीतर उद्या पावसाळ्यात हवा दमट झाली की ओल्या कापडाने काही होत नाही हे कोणाच्या तरी लक्षात येईल आणि मग मी खोटी ठरेन.

आणि माझी चूकही सांगा. यात्रीनिवास काढला आणि सोवळं वाळवायची जागा विसरले. मी! ज्या घरात लहानपणी दांडीखालून जाताना सुद्धा मान खाली घालायची, तिथली मी. कॉलेजात वारा शिकले, ऊन शिकले, आणि घरातली बाई दिवसभर काय करते ते नक्शात आणायचं राहिलं. मला याची लाज वाटली काका. दोन दिवस वाटली. मग नक्शा काढून बसले.

नवीन नक्शा सोबत आहे. प्रत्येक खोलीच्या पश्चिम झरोक्यात आतून पक्की दांडी आणि काठीने पोचेल एवढी उंची. खाली दगडी पन्हळ, गळणारं पाणी अंगणातल्या तुळशीकडे. सोवळ्याची सोय ती सोय, आणि उन्हाळ्यात थंड हवाही. पावसाळ्यासाठी दोन खोल्यांच्या मधे हवा खेचणारा उभा मार्ग वाढवलाय, तो तपासून बघा. त्याची आकडेमोड मी एकटीने केली आहे, चुकली असेल तर लाल शाईने फाडून काढा.

आता तुमच्यावर. तुम्ही म्हणाला होतात ज्या खोलीत टिकतील तिच्या बाजूने उभा राहीन. मी शब्दात अडकवत नाही. तुम्हाला मनापासून पटलं तरच उभे राहा.

काकू परवा गयेला जातात. त्यांना सोडताना मला जड जाणार आहे. भांडण करायला त्यांच्यासारखं दुसरं माणूस नाही.

मुक्ता


नागपूर
२ जून १९९६

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

काल ट्रस्टची बैठक झाली. तुझं पत्र मी जसंच्या तसं वाचून दाखवलं, तुझ्या चुकीसकट. माझा नकाशा मागे घेतला. एकजण म्हणाला, रत्नाकरराव, पुतणी म्हणून मवाळ झालात. मी म्हटलं, पुतणी म्हणून तर मी आधी विरोध केला होता. ज्या इंजिनिअरने स्वतःहून लिहून कळवलं की माझी खोली झडप लावून कोंदट होते, त्याच्या हाती मी काम देईन. मला नोकरीत असा एकही भेटला नव्हता. मला तुझा अभिमान वाटतो मुक्ता. हे मी तुला आधी कधी सांगितलं नाही.

मंजूर झालं. सगळी इमारत, तुझा नकाशा, सावलीच्या नावाने. एक गोष्ट मात्र ऐकायची. गंगा वर येते तेव्हा खालच्या गल्लीत पाणी शिरतं, मी लहानपणी त्या पायऱ्यांवर होडी बांधलेली पाहिली आहे. पाया आणि जोत्यापर्यंतचं काम माझ्या पद्धतीने, सिमेंटात. वरती तू आणि तुझा चुना. यावर भांडायचं असेल तर समोर भांडू.

कारण मी येतोय. तुझ्या ऑफिसात दुसरं टेबल रिकामं आहे असं कळलं. कोणी सांगितलं ते विचारू नकोस. हिशेब, आकडेमोड, ठेकेदार कुठे सिमेंट मारतो आणि कुठे वाळू वाढवतो, हे मला अंधारातही समजतं. तुझ्या त्या उभ्या मार्गाची आकडेमोड बघितली, एके ठिकाणी चुकली आहे, बाकी बरोबर. इथे निवृत्त होऊन मी सकाळी वर्तमानपत्र वाचतो आणि दुपारी काकूच्या मध्ये मध्ये येतो. तिचंही म्हणणं आहे की मी कुठे तरी जावं. इमारत होईपर्यंत काशीत राहीन, दादाकडे. पगार नको.

दिल्लीला हो म्हणाली असशील तर आताच नाही म्हणून कळव. अजून वेळ असेल.

रत्नाकर


दुर्गाघाट
९ जून १९९६

ती. काका,

साष्टांग नमस्कार. तुमचं पत्र बाबांना वाचून दाखवलं. ते सोवळ्यात होते म्हणून मला जवळ घेता आलं नाही, लांबूनच डोळे पुसत म्हणाले, "त्याला सांग, त्याची जुनी खोली झाडून ठेवतो."

दिल्लीला मी 'नाही' असं कळवलं, ते मे महिन्याच्या अठरा तारखेला. तुमच्या बैठकीच्या आधी. काकूंना गयेच्या गाडीत बसवलं, परतताना पोस्टात गेले आणि पत्र टाकून आले. तेव्हा ट्रस्ट काय ठरवेल मला माहीत नव्हतं. तुम्ही नाही म्हणाला असतात तरी मी इथेच राहणार होते, कोणाच्या तरी मोरीचा नक्शा काढत, कुंडली घेऊन येणाऱ्यांना चहा पाजत. हे आधीच सांगते, म्हणजे गाडीत बसताना तुम्हाला असं वाटायला नको की पुतणीला वाचवायला निघालोय. मी बुडत नव्हते.

सुशांत परत येणार नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुम्हाला लिहिताना मी 'दिल्लीला आहे' एवढंच लिहिलं, कारण लिहून टाकलं की ते खरं झालं असतं. आता लिहिलंय.

पायाच्या कामाबद्दल तुमचं ऐकणार नाही. पुरातही चुना टिकतो, याच घाटांच्या भिंती त्याने बांधलेल्या आहेत. तुम्ही येऊन त्यांना हात लावून बघा आणि मग माझ्याशी भांडा. पटवून दिलंत तर सिमेंट घालीन. ऑफिसात शेवटचा शब्द माझा राहील, काका आणि पुतणी हे जिन्याच्या खालीच सोडून वर यायचं. पगार मात्र घ्यावाच लागेल, कमी असेल पण असेल. फुकट आलेल्या माणसाला मी उशीर झाला म्हणून ओरडू शकत नाही, आणि मला ओरडायचं आहे.

आकडेमोड कुठे चुकली ते लिहून पाठवू नका, येऊन दाखवा. मजूर सोमवारपासून येतात. या काका, फार काम आहे.

तुमची
मुक्ता